आकड्याआधीचे शून्य-एक्स काढू नका : कमांड लाइन साधने लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्रॅम चढवण्याचे कमांड लाइन साधन लिहिणारे व सांभाळणारे सर्वजण,

स.न.वि.वि.

तुमचे साधन मी गेली सहा वर्षे जवळजवळ रोज वापरते आहे. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवतो. काट्यातल्या बोर्डाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहायचे आणि ते बोर्डावर चढवणाऱ्या स्क्रिप्ट सांभाळायच्या, हे माझे काम. साधनाचे नाव या पत्रात घेत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना ते कळेलच. पण तुम्ही जो निर्णय घेतलात तो उद्या दुसरे कोणीही घेऊ शकते, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

निर्णय असा. आजवर कमांडमध्ये नुसता आकडा लिहिला की तो दशमान धरला जायचा. हेक्स, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळाच्या पायावरची पद्धत, हवी असेल तर आकड्याआधी शून्य आणि एक्स (0x) लावायचे. नव्या आवृत्तीपासून पत्ता (मेमरीतली जागा) आणि लांबी (किती बाइट) या दोन जागी नुसता आकडासुद्धा हेक्स धरला जातो. बदलांच्या यादीत याला एक ओळ मिळाली आहे, तीही यादीच्या शेवटाकडे, मदतीच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्तीखाली.

आमच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती : सेटिंगचा सेक्टर पुसा, लांबी ४०९६. फ्लॅश मेमरीचा चार केबीचा एक सेक्टर, म्हणजे एका वेळी पुसला जाणारा तुकडा. पत्ता आम्ही शून्य-एक्स लावूनच लिहिला होता, कारण डेटाशीटमध्ये तो तसाच छापलेला असतो. लांबी साधी लिहिली होती, कारण ४०९६ हा आकडा आमच्या धंद्यात कोणी हेक्स म्हणून वाचत नाही. तुमच्या नव्या आवृत्तीने वाचला. हेक्समधले ४०९६ म्हणजे आपले १६,५३४. चार सेक्टरांत १६,३८४ बाइट मावतात. उरलेल्या नेमक्या दीडशे बाइटांसाठी साधनाने पाचवा सेक्टरही पुसला. पुसायचा होता एक, पुसले गेले पाच. आणि सेटिंगच्या लगेच पुढच्या सेक्टरात त्या काट्याचे कॅलिब्रेशन होते.

ज्यांचा काट्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. प्रत्येक काट्याखाली वजनाचा भार मोजणारा एक लोडसेल असतो, आणि कोणतेही दोन लोडसेल हुबेहूब सारखे नसतात. म्हणून प्रत्येक काटा बेंचवर ठेवून, थोडा वेळ तापू देऊन, आधी रिकामा आणि मग प्रमाणित वजने ठेवून मोजावा लागतो. त्यातून जे स्थिरांक निघतात ते फक्त त्याच काट्याचे असतात. ते गेले की कुठल्या बॅकअपमधून परत आणता येत नाहीत, आमच्याकडे तेव्हा तसा बॅकअप नव्हताच. वजने पुन्हा उचलून ठेवावी लागतात.

असे ४६ काटे त्या दिवशी पुसले गेले. साधनाने प्रत्येक वेळी काम यशस्वी झाल्याचे कळवले. सेटिंग नीट लिहिले गेले का हे आमची स्क्रिप्ट तपासत होती, आणि ते नीटच लिहिले गेले होते. कॅलिब्रेशन सापडले नाही तेव्हा आमच्या फर्मवेअरने मूळचे सरासरी स्थिरांक वापरले आणि काटा सुरू झाला. हा दोष आमचा होता. आता कॅलिब्रेशन नसेल तर काटा वजन दाखवतच नाही. पण त्या दिवशी ४६ काटे व्यवस्थित चालू दिसत होते आणि चुकीचे वजन सांगत होते. बेंचवरच्या आमच्या सहकाऱ्याने सवयीने पाच किलोचे वजन ठेवले, तर समोर ४.८६० आले. त्याने ते वजन ठेवले नसते तर काटे पडताळणी आणि मुद्रांकनासाठी निघालेच होते. मुद्रांकनात ते पकडले गेले असते, हे मला ठाऊक आहे. पण आपली चूक दुसऱ्याने पकडावी या भरवशावर कोणी काटा बनवत नाही. शेवटी त्यावर भाजी, धान्य, तूप तोलले जाते. दोन माणसांचे दोन दिवस आणि वर थोडा वेळ पुन्हा कॅलिब्रेशन करण्यात गेला.

तुम्हाला मी हे कळवले. तुमचे उत्तर सभ्य होते, त्याबद्दल आभार. पण त्यातले तिन्ही मुद्दे मला पटलेले नाहीत.

तुमचा पहिला मुद्दा : पत्ते सगळीकडे हेक्समध्येच लिहिले जातात, मग दरवेळी शून्य-एक्स टाइप करायला का लावायचे? पत्त्यापुरते हे खरे आहे. लांबीचे तसे नाही. लांबी माणूस केबीत मोजतो, ५१२, १०२४, ४०९६ असे म्हणतो. शिवाय वाचवता काय, तर दोन अक्षरे. ती एकदा स्क्रिप्टमध्ये लिहिली जातात आणि पुढे वर्षानुवर्षे वाचली जातात. वाचणारा बहुतेक वेळा लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असतो, आणि त्याच्यासमोर तुमच्या साधनाची माहितीपुस्तिका उघडलेली नसते.

या प्रश्नातली खरी अडचण अशी की हेक्सचा आकडा स्वतःहून ओळख देत नाही. त्यात ए ते एफपैकी एखादे अक्षर आले तरच कळते. दोन अंकी हेक्स आकडे २५६ आहेत, आणि त्यांतल्या १०० आकड्यांत एकही अक्षर नाही. चार अंकी ६५,५३६ आहेत, त्यांतले १०,००० बिनअक्षरी. आणि आम्ही वापरतो ते पत्ते या ढिगातून चिठ्ठी टाकून निवडलेले नसतात. १०००, ४०००, ८००० असे गोल आकडेच बहुतेक वेळा येतात, आणि त्यांत अक्षर नसतेच. भरीला, ० ते ९ हे आकडे दोन्ही पद्धतींत एकच आहेत. म्हणजे सेक्टर क्रमांक ३ वर चाचणी घेतली तर सगळे बरोबर चालते, चूक १० पासून पुढे सुरू होते. चाचणी घेताना आपण सगळेच लहान आकडे घेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा मुद्दा : इतर साधनेही असे करतात. करतात, मान्य. यू-बूटमध्ये मेमरीच्या कमांड नुसत्या आकड्याला हेक्स मानतात, डॉसच्या काळातला डीबग तसाच होता, लिनक्सवरचे सेटपीसीआयही तसेच. विंडोजच्या विनडीबीजीमध्ये तर मूळ पद्धतच हेक्स असल्यामुळे दशमान आकडा सांगायला आधी शून्य-एन लावायची सोय करावी लागली. पण ही साधने पहिल्यापासून तशी आहेत, त्यांच्यावर बसलेला हात तसाच बसला आहे. त्यांनी उद्या दशमान सुरू करावे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण मग तिथल्या जुन्या स्क्रिप्टचे आमच्यासारखेच होईल. तुम्ही मात्र दशमानाची सवय लावून मग पाटी बदललीत.

आणि त्या जुन्या साधनांतही हा गोंधळ कोणाला सुखाचा नाही. यू-बूटमध्येच किती ब्लॉक वाचायचे तो आकडा हेक्स, पण किती सेकंद थांबायचे तो दशमान. यूएसबी उपकरणांची यादी देणारे एलएसयूएसबी घ्या. ‘-डी’ लावून कंपनी आणि वस्तूचा क्रमांक दिला तर तो हेक्स, ‘-एस’ लावून बस आणि उपकरणाचा क्रमांक दिला तर तो दशमान. एकच साधन, शेजारशेजारचे दोन पर्याय. बोर्डावरच्या चिपा शोधणारे आयटूसी-डिटेक्ट सापडलेल्या चिपांच्या पत्त्यांचा तक्ता दाखवते त्यात ४८ छापलेले असते, हेक्समध्ये, शून्य-एक्सशिवाय. नवा मुलगा ते ४८ बघून चिपमधून वाचणाऱ्या आयटूसी-गेटला ४८ देतो, आणि ते साधन नुसता आकडा दशमान मानते. दशमान ४८ म्हणजे हेक्स ३०. तोही वैध पत्ताच आहे, म्हणून साधन मुकाट्याने भलत्याच दारावर टकटक करते. तिथे कोणी नसेल तर निदान वाचताना चूक दिसते. असेल तर दिसतही नाही.

तुमच्या नव्या आवृत्तीत नेमके हेच झाले आहे. पत्ता आणि लांबी हेक्स, पण किती वेळा प्रयत्न करायचा आणि किती मिलिसेकंद थांबायचे ते अजून दशमान. एकाच ओळीत चार आकडे, दोन एका पद्धतीचे, दोन दुसऱ्या. ती ओळ वाचणाऱ्याने कुठला आकडा कसा वाचायचा हे पाठ करून ठेवायचे का?

तिसरा मुद्दा तुम्ही असा मांडलात की हेक्स लिहिण्याच्या इतक्या पद्धती आहेत की कोणतीही एक निवडणे म्हणजे पक्षपात, त्यापेक्षा खूणच नको. यावर मला सविस्तर बोलायचे आहे, कारण कमांड लाइनपुरती ही निवड मोकळी नाहीच. मोटोरोलाच्या असेंब्लरमध्ये आणि टर्बो पास्कलमध्ये हेक्सची खूण डॉलर होती. शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेली कमांड आधी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डॉलर म्हणजे चल (किंमत साठवणारे नाव). स्क्रिप्टमध्ये डॉलर लावून ४०९६ लिहिले तर शेल ‘डॉलर ४’ हा स्वतःचा चौथा चल समजते, तो रिकामा असतो, आणि तुमच्या साधनाच्या हाती पडते ०९६. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये अँपरसँड आणि एच लावायचे. शेलमध्ये अँपरसँड दिसला की आधीची कमांड पार्श्वभूमीत धाडली जाते आणि पुढचा तुकडा वेगळी कमांड म्हणून चालवायला घेतला जातो. लिस्पमध्ये हॅश आणि एक्स. शब्दाच्या सुरुवातीला हॅश आला की शेलच्या लेखी पुढची सगळी ओळ टिप्पणी. व्हेरिलॉगमध्ये आणि आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर एकेरी अवतरणचिन्ह, ते शेल स्वतःच गिळते. इंटेलची पद्धत म्हणजे आकड्यानंतर एच. ती शेलमधून सुखरूप जाते, पण आकडा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो काय आहे ते कळत नाही, आणि अक्षराने सुरू होणाऱ्या आकड्याआधी एक शून्य जोडावे लागते. मागे जोडायच्या खुणांचे आणखी एक दुखणे असे की तिथे बी आला तर तो बायनरीचा, की ५१२ बाइटांच्या ब्लॉकचा, की हेक्समधला अकरा, हे साधनागणिक बदलते.

या सगळ्या चाळणीतून शून्य-एक्सच धडपणे पार पडते. त्यात शेलला खटकेल असे एकही चिन्ह नाही, खूण आधी येते, आणि सी भाषेमुळे ती आमच्या पिढीच्या हाडीमासी आहे. याला मी पक्षपात म्हणणार नाही. एक अपवाद मात्र सांगायला हवा, कारण तोही शिकण्यासारखा आहे. डीडी या जुन्या साधनात एक्स हे गुणाकाराचे चिन्ह आहे. त्यामुळे तिथे मोजणी म्हणून ०एक्स१० दिले तर ते ‘शून्य गुणिले दहा’ होते, म्हणजे शून्य. जीएनयूच्या डीडीने आता त्यावर इशारा द्यायला सुरुवात केली आहे. दुहेरी अर्थ काढून टाकता येत नसेल तर निदान बोलून दाखवावा, एवढे त्यांनी केले.

जाता जाता आकड्याआधीच्या नुसत्या शून्याबद्दलही. तुमच्या साधनात ०१० म्हणजे आठ, हे मी परवा करून पाहिले; आधी शून्य असलेला आकडा तिथे ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचा, मानला जातो. ही सी भाषेची देणगी, आणि तिच्याकडे ती बी भाषेकडून, अठरा बिटांच्या यंत्रांच्या काळातून आली. अठरा बिट म्हणजे बरोबर सहा ऑक्टल अंक, तेव्हा ते सोयीचे होते. आज त्याचा एकच परिणाम उरला आहे. रकान्यात आकडे नीट दिसावेत म्हणून कोणी आधी शून्य भरते आणि आकडा बदलून बसतो. बॅश या शेलमध्ये तारखेतून महिना काढून त्यात एक मिळवणारी स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै छान चालते आणि १ ऑगस्टला मोडते, कारण ऑक्टलमध्ये ०८ नावाचा आकडाच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरची स्क्रिप्ट निदान मोडते तरी. लिनक्सवर १९२.१६८.०१०.००१ या नेटवर्क पत्त्याला पिंग केले, म्हणजे तिथे कोणी आहे का असे विचारले, तर पॅकेट १९२.१६८.८.१ कडे जातात, आणि आपल्याकडे कॅमेरे नि राउटर बसवणारी कित्येक माणसे पत्ते असेच तीन-तीन अंकांत कागदावर लिहितात.

बदल करूच नये असे माझे म्हणणे नाही. बदल कसा करावा याची दोन उदाहरणे देते, एक तुमच्या जगातले, एक माझ्या घरातले.

पायथॉनला ०१० चा ऑक्टल अर्थ काढून टाकायचा होता. २००८ साली आलेल्या ३.० आवृत्तीत त्यांनी ०१० ला दहा केले नाही. त्यांनी ते चूक ठरवले. प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि ऑक्टल हवे असेल तर शून्य-ओ लिहावे लागते. जुना मजकूर नवा अर्थ घेऊन गुपचूप चालत राहिला, असे कुठे झाले नाही.

दुसरे उदाहरण रुपयाचे. आपला रुपया सोळा आण्यांचा होता, चौसष्ट पैशांचा. १ एप्रिल १९५७ ला तो शंभर पैशांचा झाला. म्हणजे सोळाच्या हिशेबातून दहाच्या हिशेबात अख्खा देश गेला, तोही तेव्हा, जेव्हा बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. ‘पैसा’ हा शब्द दोन्हीकडे तोच होता, किंमत वेगळी. म्हणून नव्या नाण्यावर ‘नया पैसा’ असे घातले, आणि वर ‘रुपये का सौवाँ भाग’ असेही कोरले. जुनी नाणी व्यवहारातून हळूहळू निघून गेली, आणि ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये काढला. सात वर्षे त्यांनी प्रत्येक नाण्यावर खूण बाळगली. माझी आजी शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची. पण नुसते ‘चार’ ती कधी म्हणाली नाही, ‘आणे’ म्हटल्यावाचून तिचा हिशेब पुढे सरकत नसे.

आता माझ्या मागण्या.

पुढच्या आवृत्तीत नुसत्या आकड्याचा दशमान अर्थ परत आणा. ते जमत नसेल, कारण मधल्या काळात काहींनी नव्या पद्धतीने स्क्रिप्ट लिहिल्या असतील, तर पत्ता आणि लांबीच्या जागी खूण नसलेला आकडा सरळ नाकारा आणि दोन्ही अर्थ दाखवून विचारा : ४०९६ म्हणायचे आहे की ०एक्स४०९६, म्हणजे १६,५३४? स्क्रिप्ट थांबली तर आम्ही दहा मिनिटांत दुरुस्त करू. पुसलेले कॅलिब्रेशन आम्हाला दहा मिनिटांत परत आणता येत नाही.

आकड्यात अक्षर आहे की नाही हे बघून पद्धत ओळखण्याचा प्रयत्न करू नका. तुमच्याकडे कोणीतरी तसे सुचवले आहे. ०एफ पर्यंत चालेल आणि १० ला फसेल, आणि ती चूक आजच्याहून शोधायला कठीण जाईल.

साधन जे छापते त्यातही शून्य-एक्स असू द्या. तुमच्या मेमरीच्या तक्त्यात पत्ते हेक्समध्ये आहेत पण बिनखुणेचे, आणि त्याच पानावर आकारमान दशमान. छापलेला आकडा उचलून कमांडमध्ये चिकटवला तर त्याचा तोच अर्थ राहिला पाहिजे.

आधी शून्य असलेला आकडा ऑक्टल मानणे बंद करा. तो नाकारा. आकड्यानंतर न समजणारे काही आले तरी नाकारा. सीमधले अक्षरांतून आकडा काढणारे एटॉइ (atoi) हे फंक्शन ०एक्स४० दिले की एक्सपाशी थांबते आणि हसतमुखाने शून्य परत देते, ते या कामाला वापरू नये. सीमधल्याच एसटीआर-टू-एल (strtol) ला पाया शून्य दिला, म्हणजे खुणेवरून पद्धत ओळखायला सांगितले, तर हेक्स कळते, पण ऑक्टलची जुनी सवय तिथे येतेच, आणि आकडा पूर्ण वाचला गेला का हे आपण स्वतः तपासावे लागते. पायथॉनमध्ये लिहिणाऱ्यांचे सोपे आहे : इंट (int) ला पाया शून्य दिला की ४०९६ दशमान, ०एक्स१००० हेक्स, आणि ०१० वर चूक, हे सगळे फुकट मिळते. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत स्वतःपुरती लहान साधने लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनाही हीच विनंती. आपलीही साधने दुसरे कोणीतरी चालवणार असते.

पुसण्याआधी बोला. किती बाइट, कुठून कुठपर्यंत, किती सेक्टर, हे छापा. लांबी सेक्टरच्या पटीत नसेल तर जास्तीचा सेक्टर आपण होऊन पुसू नका, थांबा आणि सांगा. १६,५३४ ही ४०९६ ची पट नाही. एवढी एक तपासणी तुमच्या साधनात असती तर त्या दिवशी पहिल्याच काट्यावर काम थांबले असते.

आणि लिहिलेल्या कमांडचा अर्थ बदलणारा बदल यादीत सगळ्यात वर, ठळक लिहा आणि आवृत्तीचा मुख्य क्रमांक वाढवा.

यातल्या कोणत्याही मागणीसाठी कोड लिहायला माझी तयारी आहे. आकडे वाचण्याचा भाग मी दुरुस्त करून, चाचण्यांसह तुमच्याकडे पाठवला आहे, गेले पाच आठवडे तो तसाच पडून आहे. तो जसाच्या तसा घ्या असा आग्रह नाही. त्यावर हो किंवा नाही, आणि नाही तर का, एवढे उत्तर मात्र हवे आहे. तोपर्यंत आमच्या कारखान्यात जुनी आवृत्ती गोठवून ठेवली आहे, आणि स्क्रिप्टमधल्या त्या ओळीत आता ०एक्स१००० लिहिले आहे.

कळावे,

आपली,
चाकणच्या एका कारखान्यातली फर्मवेअर लिहिणारी